एका वेळी डब्यात एकच फोटॉन: वेल्डिंगच्या काचा वापरून केलेला डबल स्लिट

१० नोव्हेंबर २०२४

बारावीला प्रकाश आणि द्रव्य यांच्या द्वैत स्वरूपाचं (कधी लाट, कधी कण) प्रकरण शिकवताना दरवर्षी एक प्रश्न येतो. डबल स्लिटमधून, म्हणजे शेजारशेजारच्या दोन बारीक फटींतून, प्रकाश गेला की पडद्यावर पट्टे उमटतात, इथपर्यंत मुलांना पटतं. पुढे प्रकाश म्हणजे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे सुटे कण, असं सांगितलं की कोणीतरी हात वर करतं: "सर, मग खूप फोटॉन एकमेकांवर आदळून ते पट्टे होत असतील ना? गर्दीमुळे?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि फळ्यावर त्याचं उत्तर देता येत नाही. गर्दी काढून टाकायची आणि पट्टे राहतात का ते बघायचं, हाच त्यावर मार्ग.

जी. आय. टेलर यांनी १९०९ साली केंब्रिजमध्ये हेच केलं होतं. गॅसची ज्योत, काजळी धरलेल्या काचा, एक सुई आणि फोटोची प्लेट एवढंच सामान. प्रकाश इतका मंद केला की सर्वांत लांब एक्सपोजरला सुमारे २००० तास लागले. सुईच्या सावलीभोवतीचे पट्टे तरीही तितकेच स्पष्ट आले. आपल्याकडे आता लेसर आहे, डिजिटल कॅमेरा आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला अकरावी-बारावीच्या मुलांसमोर हा प्रयोग मांडायचा असं ठरवलं आहे. आम्ही कराडजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात आहोत, प्रयोगशाळा साधी आहे. तुमचीही तशीच असेल तर या नोंदी उपयोगी पडाव्यात.

पाया असलेलं गणित आधी. ६५० नॅनोमीटरच्या लाल फोटॉनची ऊर्जा ३.०६ × १०⁻¹⁹ जूल. म्हणजे १ मिलिवॅटच्या किरणात सेकंदाला सुमारे ३.३ × १०¹⁵ फोटॉन. स्लिटपासून कॅमेऱ्यापर्यंत १.२ मीटर अंतर ठेवलं तर ते कापायला फोटॉनला ४ नॅनोसेकंद लागतात. या बंद अंतरात, म्हणजे डब्यात, शंभरदा बघितलं तर एकदाच फोटॉन सापडायला हवा असेल, तर सेकंदाला २५ लाखांच्या आत यायला हवं. प्रकाश शंभर कोटींहून जास्त पटींनी कमी करायचा आहे, आणि तोही किती केला हे मोजून.

१७ नोव्हेंबर

स्लिटवर आठवडा गेला. काचपट्टीला मेणबत्तीची काजळी धरायची आणि दोन ब्लेड एकत्र चिकटवून एकच रेघ ओढायची, ही नेहमीची पद्धत इथे चालली नाही. रेघेच्या कडा फाटतात, काजळीचे कण स्लिटमध्ये पडतात आणि पट्ट्यांवर दुसरीच नक्षी चढते. वर्गात भिंतीवर दाखवायला ते चालतं. आपल्याला पुढे पट्ट्यांचा आलेख काढायचा आहे, त्यासाठी कडा स्वच्छ हव्यात.

चाललेला उपाय असा. दाढीच्या ब्लेडचे दोन तुकडे धारा समोरासमोर ठेवून पत्र्याच्या चौकटीवर बसवले. मधली फट ठरवायला गॅरेजमधलं फिलर गेज वापरलं, टॅपेट सेट करताना मेकॅनिक वापरतात ते. ०.२५ मिलिमीटरची पाती फटीत धरली, दोन्ही ब्लेड तिला टेकवले, अरल्डाइट लावलं आणि सुकल्यावर पाती काढली. मग फटीच्या बरोबर मधोमध मोटार वाइंडिंगची ४० नंबरची तार ताणून बसवली. एका फटीच्या दोन झाल्या.

तार वाइंडिंगच्या दुकानातून आणली. आमच्याकडे उसाच्या पट्ट्यात पाण्याच्या मोटारी जळतच असतात, त्यामुळे अशी दुकानं पावलोपावली आहेत. दादांनी हातभर तुकडा फुकट दिला आणि वर सांगितलं की इनॅमलसकट जाडी धरा. बरोबर होतं: ४० नंबरची उघडी तार ०.१२ मिलिमीटर, इनॅमल धरून सुमारे ०.१४. उरलेल्या जागेत प्रत्येकी सुमारे ०.०५५ मिलिमीटरच्या दोन स्लिट होतात.

तार सरळ राहण्यासाठी तिच्या एका टोकाला नट बांधून ती लटकती ठेवा, सरकवून मधोमध आणा आणि मगच चिकटवा. हाताने ताणून चिकटवलेली तार सुकेपर्यंत सैल पडते आणि एक स्लिट वर रुंद, खाली अरुंद होते.

२४ नोव्हेंबर

लेसर: पाच मिलिवॅटचं ६५० नॅनोमीटर मॉड्यूल, पुण्याच्या तपकीर गल्लीतून ६० रुपयांना. सेलवर चालवू नका. सेल उतरत जातो तशी तीव्रता उतरते आणि पुढची सगळी मोजमापं वाया जातात. तीन व्होल्टचा स्थिर पुरवठा जोडला आणि मोजण्याआधी लेसर २० मिनिटं तापू दिला.

स्लिटची तपासणी भिंतीवर केली. ३ मीटर अंतरावर लागोपाठच्या पट्ट्यांमधलं अंतर १० मिलिमीटर आलं. त्यावरून दोन स्लिटमधलं अंतर ०.१९५ मिलिमीटर, फिलर गेज आणि तारेच्या हिशेबाशी नेमकं जुळणारं. १.२ मीटरवर पट्टे ४ मिलिमीटरवर पडतील. आमच्याकडे येणार असलेल्या कॅमेऱ्याचा सेन्सर २२ मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे पाच पट्टे त्यावर मावतील. लेन्सची गरज नाही.

१ डिसेंबर

हा भाग सर्वांत जास्त विचारला जाईल म्हणून सविस्तर लिहितो.

प्रकाश कमी करायला हार्डवेअरच्या दुकानातल्या वेल्डिंगच्या काचा घेतल्या, १० नंबरच्या, ४० रुपयाला एक. काचेच्या नंबरचा एक ठरलेला हिशेब असतो; १० नंबरची काच दहा हजार भागांतला सुमारे १.४ भाग प्रकाश सोडते. पण हा हिशेब डोळ्याला दिसणाऱ्या एकूण उजेडाचा आहे. काच हिरवी आहे, लेसर लाल आहे. नंबरावर विसंबून गणित केलं तर ते चुकणार, म्हणून प्रत्येक काच त्याच लेसरवर मोजायची.

मोजायला बीपीडब्ल्यू ३४ हा फोटोडायोड घेतला. लाल प्रकाशात तो प्रत्येक वॅटमागे साधारण ०.४ अँपिअर देतो. काचेविना पूर्ण किरण पडला तेव्हा ०.८ मिलिअँपिअर, म्हणजे २ मिलिवॅट. मॉड्यूलवर ५ लिहिलेलं असलं तरी येतात २. काच मध्ये ठेवल्यावर मात्र मीटर शून्यावर. साध्या पिवळ्या मल्टिमीटरची सर्वांत लहान करंट रेंज २०० मायक्रोअँपिअरची आणि आपल्याला मोजायचे आहेत नॅनोअँपिअर.

उपाय मीटरमध्येच आहे. या मीटरचा व्होल्ट रेंजवर आतला रोध १० लाख ओहम असतो (दुसऱ्या मीटरने मोजून खात्री करा, काही मीटरांचा १ कोटी असतो). डायोड करंट रेंजला न जोडता थेट २०० मिलिव्होल्ट रेंजला जोडला की आतल्या रोधावर १ नॅनोअँपिअरमागे १ मिलिव्होल्ट दिसतो. पहिली काच: ४० मिलिव्होल्ट, म्हणजे ४० नॅनोअँपिअर, म्हणजे लाखात ५ भाग. दुसरी काच: ४८, म्हणजे लाखात ६ भाग. नंबरावरून काढलेल्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी. खोली पूर्ण काळोखी हवी. खिडकीच्या फटीतला उजेडसुद्धा इथे सहज २० मिलिव्होल्ट दाखवतो, म्हणून लेसर बंद ठेवून आधी शून्य येतं का बघा.

दोन्ही काचा एकामागे एक ठेवल्यावर प्रकाश अब्जात ३ भाग उरतो. हे आता या डायोडने मोजता येत नाही, गुणाकार करूनच घ्यायचं.

स्लिटच्या लगेच मागे, काचांविना, डायोडवर ४० मायक्रोअँपिअर आले. म्हणजे ०.१ मिलिवॅट, म्हणजे सेकंदाला ३.३ × १०¹⁴ फोटॉन स्लिटमधून पार होतात. त्याला अब्जात ३ ने गुणलं: सेकंदाला सुमारे १० लाख. लागोपाठच्या दोन फोटॉनमध्ये सरासरी १ मायक्रोसेकंद, अंतरात सांगायचं तर ३०० मीटर. आपला डबा १.२ मीटरचा. कोणत्याही क्षणी डबा उघडून बघता आला असता तर अडीचशे वेळा बघितल्यावर एकदा फोटॉन सापडला असता.

डायोडच्या आकड्यात थोडी चूक असेल, अगदी दुपटीची धरली तरी वरच्या वाक्याला धक्का लागत नाही. मोजमापात एवढी मोकळी जागा ठेवता येते, म्हणून साध्या सामानावर हा प्रयोग करायचं धाडस केलं.

काचांची जागा महत्त्वाची: लेसर आणि स्लिट यांच्या मध्ये. स्लिटनंतर काचा लावल्या तर स्लिटमधून गर्दीच जाते आणि फक्त शेवटी प्रकाश छाटला जातो; मग मुलांचा मूळ प्रश्न तसाच उभा राहतो. आणखी एक, काचा एकमेकींना समांतर ठेवू नका. त्यांच्यात उलटसुलट परावर्तन होऊन पुढे अंधुक जोडप्रतिमा येते. दुसरी काच दोन-तीन अंशांनी तिरकी केली की ती बाजूला जाते.

८ डिसेंबर

डबा. इथे अपेक्षेपेक्षा जास्त वेळ गेला आणि सगळा वेळ गळतीने खाल्ला.

चार इंची पीव्हीसी पाइप आणला, एका टोकाला स्लिट, दुसऱ्या टोकाला कॅमेरा. लेसर दोन इंची पाइपमध्ये टोपण लावून. जोडण्या चोख केल्या, खोली काळोखी केली, लेसर लावला आणि पाइपच मंद लाल दिसायला लागला. पांढरं पीव्हीसी प्रकाश अडवत नाही. दिवसाउजेडी ते लक्षात येत नाही. लेसरच्या पाइपमध्ये विखुरलेला प्रकाश भिंतीतून बाहेर, बाहेरून मोठ्या पाइपच्या भिंतीतून आत. आपण अब्जात ३ भागांपर्यंत आलो आहोत. अशा ठिकाणी लाखात एक भाग गळती म्हणजे सगळा प्रयोगच गळतीचा.

दोन्ही पाइपांना बाहेरून आधी अॅल्युमिनियम फॉइल, वर काळा स्प्रे. काचांच्या कडांना काळं सिलिकॉन, ते सुकल्यावर काळी इन्सुलेशन टेप. लेसरच्या वायरी जिथून बाहेर येतात ते भोकही सिलिकॉनने बुजवायचं, ते हमखास राहतं.

आतून नुसता काळा रंग पुरत नाही. रंग समोरून काळा दिसतो, पण पाइपच्या लांबीने तिरका प्रकाश आला की तीच भिंत चकाकते आणि तिच्यावरून आलेला प्रकाश मुख्य प्रकाशात मिसळून खोटे पट्टे तयार करतो. काळ्या कार्डपेपरच्या चकत्या मध्ये भोक पाडून आत दर २० सेंटिमीटरवर बसवल्या, भिंतीवरचा प्रकाश त्यांच्यातच अडकतो.

गळतीची परीक्षा अशी घ्या: काचांच्या पुढे जाड फॉइल लावून किरण पूर्ण बंद करा, लेसर चालू ठेवा आणि कॅमेऱ्याने फोटो घ्या. फोटोत लेसर बंद असतानापेक्षा किंचितही जास्त काही दिसलं तर गळती आहे. ही परीक्षा पास झाल्याशिवाय पुढचं काहीही खरं मानू नका.

१८ डिसेंबर

कॅमेरा आला. गावातल्या लग्नाच्या फोटोग्राफरचा जुना डीएसएलआर. तुळशीचं लग्न झाल्यापासून तो रिकामा नव्हताच. धनुर्मास लागला, मुहूर्त कमी झाले आणि कॅमेरा महिनाभर आमच्या हाती आला. तुम्हीही असा कॅमेरा मागणार असाल तर पंचांग बघून वेळापत्रक आखा.

सेटिंग: लेन्स काढलेली, रॉ फाइल (कॅमेऱ्याने काहीही न बदललेली), ३० सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६००. मेनूमधलं लांब एक्सपोजरचं नॉइज रिडक्शन बंद. ते चालू असलं तर कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ स्वतःची वजाबाकी करत बसतो, आणि काय वजा केलं ते आपल्याला कळत नाही. जेपेगमध्ये घेतलेले फोटो कामाचे नाहीत. त्यात कॅमेरा बारीक ठिपके पुसून टाकतो.

आधी एकच काच लावून फोटो घेतला. पट्टे लख्ख, ४ मिलिमीटरवर. मग दुसरी काच. एका कडेला करडा धुरकट डाग आला, पट्टे नाहीत. गळतीची परीक्षा पुन्हा केली तरी डाग तसाच. तो प्रकाश डब्यातून नव्हे तर मागून येत होता: डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून, जिथे डोळा लावतात तिथून. लॅपटॉपच्या पडद्याचा उजेड तिथून आत जात होता. काळी टेप लावली, डाग गेला.

रात्री उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रेलर लावून प्रयोगशाळेच्या मागच्या रस्त्याने जातात, टेबल हादरतं. स्लिट आणि कॅमेरा वेगवेगळ्या स्टँडवर होते तोवर पट्टे फिसकटायचे. सगळं एकाच सागवानी फळीवर घट्ट केलं आणि फळीखाली स्कूटरच्या दोन अर्धवट हवा भरलेल्या ट्यूब ठेवल्या. आता ट्रॅक्टर गेला तरी फरक पडत नाही.

२२ डिसेंबर

या नोंदींमध्ये एकच नोंद वाचणार असाल तर ही वाचा.

दोन्ही काचा लावून घेतलेला ३० सेकंदांचा फोटो लॅपटॉपवर उजळून बघितला. काळ्या पार्श्वभूमीवर शेकडो बारीक ठिपके. मदतीला थांबलेली मुलं आनंदाने ओरडलीच: "सर, फोटॉन!" पुस्तकातल्या त्या प्रसिद्ध चित्रासारखंच दिसत होतं, एकेक ठिपका पडत पडत पट्टे तयार होतात ते चित्र.

मग लेसर बंद केला आणि तसाच फोटो घेतला. तेच ठिपके. बरेचसे तर त्याच जागी. ते सेन्सरचे तापट, म्हणजे प्रकाश नसतानाही चमकणारे, पिक्सेल आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट होता.

हिशेब करून बघा. ३० सेकंदांत ३ कोटी फोटॉन, ते सेन्सरवरच्या सुमारे ४० लाख पिक्सेलांवर पसरलेले, म्हणजे पिक्सेलमागे सात-आठ. त्यातले फक्त पाव पिक्सेल लाल फिल्टरखाली असतात, आणि पोचलेल्या फोटॉनपैकी साधारण तिसरा हिस्साच नोंदला जातो. म्हणजे लाल पिक्सेलमागे दोन-तीन इलेक्ट्रॉन. पिक्सेल वाचताना कॅमेरा स्वतःच जवळपास तितकी चूक करतो. या कॅमेऱ्यावर एक फोटॉन एक ठिपका म्हणून दिसणं शक्यच नाही. त्याला फोटॉन मोजणारं वेगळं उपकरण लागतं.

असे फोटो दाखवून "हे बघा फोटॉन" म्हणण्याचा मोह फार मोठा आहे, आणि प्रदर्शन बघायला आलेला एकही माणूस तुम्हाला अडवणार नाही. तरी तसं करू नका, ही कळकळीची विनंती. ज्या मुलाने गर्दीचा प्रश्न विचारला, तो मुलगा उद्या लेसर बंद करून बघेल. त्याने तसं करावं म्हणून तर आपण हा प्रयोग मांडतो आहोत. त्याला तेव्हा कळलं की सरांनी दाखवलेले फोटॉन लेसर बंद असतानाही दिसतात, तर त्याचा विश्वास प्रयोगावरूनच उडेल. आमच्या मुलांनी तो लेसर बंद केलेला फोटो आणि चालू असतानाचा फोटो शेजारी शेजारी छापायचं ठरवलं आहे, प्रदर्शनात पहिल्याच तक्त्यावर.

२९ डिसेंबर

पट्टे आले. ठिपक्यांच्या नव्हे, बेरजेच्या वाटेने.

पद्धत: लेसर चालू ठेवून ३० सेकंदांचे ४० फोटो, मग फॉइलने किरण बंद करून तसेच ४०. दोन्ही संच रात्री लागोपाठ घ्यायचे, कारण सेन्सर तापला की गोंगाट वाढतो. उन्हाळ्यात हा प्रयोग निम्माही जमणार नाही. रॉ फाइली १६ बिटच्या टिफमध्ये बदलल्या, इमेज-जे नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही संचांची सरासरी काढली आणि एकीतून दुसरी वजा केली. मग पट्ट्यांवर आयत निवडून प्रोफाइल, म्हणजे कुठे किती उजेड याचा आलेख, काढला. सॉफ्टवेअर उभ्या रांगेतल्या शेकडो पिक्सेलांची सरासरी घेतं, त्यात गोंगाट विरतो आणि प्रकाश उरतो.

आलेखात पाच उंचवटे, ४ मिलिमीटरवर. एका काचेच्या लख्ख फोटोचा आलेख त्यावर ठेवला, उंची जुळवली. शिखरं शिखरांवर आणि दऱ्या दऱ्यांवर बसल्या. गर्दी जवळजवळ २० हजार पटींनी कमी झाली तरी पट्टे जागचे हलले नाहीत, पुसटही झाले नाहीत. मुलांच्या प्रश्नाचं उत्तर या दोन रेषांच्या जुळण्यात आहे.

लगेच उलट तपासणी. तिसरा ब्लेड सरकवून तारेच्या एका बाजूची स्लिट झाकली, बाकी सगळं तसंच. एक रुंद उंचवटा आला, पट्टे गायब. त्यातही लक्ष वेधून घेणारी गोष्ट म्हणजे आधी जिथे दरी होती तिथे आता प्रकाश आहे. दुसरी वाट उघडी असताना तिथे फोटॉन जवळजवळ येतच नव्हते, ती बंद केल्यावर यायला लागले. एका वेळी एकच फोटॉन असताना! हा आलेख पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा आम्ही सगळेच बराच वेळ त्यावर बोलत होतो आणि शिपाईमामा किल्ल्या घेऊन दारात उभे होते.

५ जानेवारी २०२५

दुसरी बाजू: प्रकाशाची ऊर्जा गठ्ठ्यांनी येते हे त्याच टेबलावर दाखवायचं.

नेहमीचा मार्ग म्हणजे वेगवेगळ्या रंगांच्या एलईडी कोणत्या व्होल्टला पेटतात त्यावरून प्लांकचा स्थिरांक (फोटॉनची ऊर्जा आणि वारंवारता यांचं प्रमाण) काढणं. करून बघितला. १० मायक्रोअँपिअरला ६३० नॅनोमीटरची लाल एलईडी १.६ व्होल्ट, ४७० ची निळी २.४ व्होल्ट. व्होल्ट आणि वारंवारता यांच्या आलेखाचा उतार ४.९ × १०⁻¹⁵ व्होल्ट-सेकंद, खरा आकडा ४.१४. जवळजवळ पंचमांश फरक. "पेटली" कधी म्हणायचं हे आपणच ठरवतो, आणि दोन्ही एलईडींचं द्रव्य वेगळं. आकडा सुधारायला ठोस जागा नाही. हा भाग प्रदर्शनातून काढला.

त्याऐवजी एलईडी उलटी वापरली, प्रकाश टिपायला. निळ्या पारदर्शक एलईडीची टोकं मीटरला जोडली आणि तिच्यावर आपला लाल लेसर थेट सोडला, काचांविना, पूर्ण २ मिलिवॅट. मीटर शून्य. मग नोटा तपासायचा जांभळा टॉर्च हातभर अंतरावरून, मुद्दाम कागदाआडून मंद करून दाखवला. मीटर उसळला. लाल फोटॉनजवळ १.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (ऊर्जेचं छोटं एकक), निळ्या एलईडीला साधारण २.६ लागतात, जांभळ्या टॉर्चच्या फोटॉनजवळ ३.१ आहेत. कितीही लाल फोटॉन ओता, गरज एका वेळी पुरेशा ऊर्जेची आहे. हे मुलांना लगेच भिडतं, आणि पट्टे दाखवणारा लेसर तोच आहे, यावर भर द्या.

एलईडी पारदर्शक प्लास्टिकचीच घ्या. रंगीत प्लास्टिकची घेतली तर प्लास्टिकनेच लाल प्रकाश अडवला अशी शंका येते आणि ती खोडता येत नाही. पांढरी एलईडी नको, तिच्यावर फॉस्फरचा थर असतो. लाल लेसर लाल एलईडीवर मारून व्होल्टेज येत नाही म्हणून आमच्याकडे एक दुपार गेली. कारण साधं निघालं: ६५० चा फोटॉन १.९१ चा, ६३० च्या एलईडीला १.९७ च्या आसपास लागतात, अगदी थोडक्यासाठी कमी. लाल एलईडीवर हिरवा प्रकाश टाका, लगेच दाखवते.

१२ जानेवारी

तक्त्यांवर काय लिहायचं आणि काय लिहायचं नाही, यावर भौतिकशास्त्राच्या मॅडमशी बसून चर्चा झाली.

"सरासरी एकाहून फार कमी फोटॉन" असंच लिहायचं, "एकेक फोटॉन सोडला" असं नाही. लेसर कितीही मंद केला तरी फोटॉन त्यातून यदृच्छेने येतात. डब्यात फोटॉन असतो अशा क्षणांपैकी सुमारे ५०० मध्ये एकदा दोन सापडतील. गर्दीच्या प्रश्नाला एवढं पुरेसं आहे. प्रकाश खरोखर अविभाज्य गठ्ठ्यांचाच आहे हे सिद्ध करायला मात्र पुरेसं नाही. ते ग्रँजिए, रोजे आणि आस्पे यांनी १९८६ साली केलं: कॅल्शियमच्या अणूंमधून जोडीने निघणारे फोटॉन घेतले, जोडीतला एक टिपला की दुसरा येतोय हे कळायचं, आणि अर्धपारदर्शक आरशावर तो दोन्ही बाजूंना एकदम कधी सापडतो का हे बघितलं. जवळजवळ सापडलाच नाही. त्याच फोटॉननी नंतर व्यतिकरणही (म्हणजे लाटेसारखे पट्टेही) दाखवलं. हा मजकूर वेगळ्या तक्त्यावर, आपल्या प्रयोगापासून स्पष्ट वेगळा.

द्रव्याचं काय? डेव्हिसन आणि जर्मर यांनी १९२७ मध्ये निकेलवर ५४ व्होल्टचे इलेक्ट्रॉन टाकून तेही लाटेसारखे वागतात हे दाखवलं. त्यांची तरंगलांबी ०.१६७ नॅनोमीटर. आपल्याच स्लिटमधून असे इलेक्ट्रॉन पाठवले तर १.२ मीटरवर पट्टे एकमेकांपासून १ मायक्रोमीटरवर पडतील, डोळ्याला एक सलग डाग. हे गणित मुलांकडून करून घ्यायचं. क्लाउस योन्सन यांना १९६१ साली इलेक्ट्रॉनचा डबल स्लिट करताना मायक्रोमीटरच्या घरातल्या स्लिट का कराव्या लागल्या ते त्यातून आपोआप कळतं.

ठिपक्यांची खरी चित्रं दाखवायची असतील तर अकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांची, हिताचीच्या प्रयोगशाळेतली, १९८९ ची. तिथे एकेक इलेक्ट्रॉन खरोखर मोजला गेला होता. त्यांच्या मांडणीतही धातूच्या दोन प्लेटांच्या मधोमध एक अतिशय बारीक तार होती आणि इलेक्ट्रॉन तिच्या दोन्ही बाजूंनी जात. आमची वाइंडिंगची तार त्या चित्राखालीच टेबलावर ठेवणार आहोत.

२३ फेब्रुवारी

प्रात्यक्षिक परीक्षांमुळे मध्ये प्रयोगशाळा मिळाली नाही. कॅमेरा लग्नसराईला परत गेला आहे, त्यामुळे प्रदर्शनात आलेख छापील आणि डबा समोर. एक काच लावून भिंतीवर पट्टे दाखवायचा विचार केला, पण तेवढा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. भिंतीसाठी काचांविना वेगळा लेसर लागेल.

खर्च विचाराल तर कॅमेरा सोडून दीड हजाराच्या आत: पाइप आणि टोपणं ४५०, काळा स्प्रे आणि सिलिकॉन ४२०, लेसर आणि पुरवठा २६०, काचा ८०, फोटोडायोड ९०, एलईडी आणि टॉर्च १२०, कार्डपेपर, ब्लेड आणि टेप मिळून ६०. फळी जुन्या बाकाची, ट्यूब पंक्चरवाल्याकडच्या.

करणार असाल तर गळतीच्या परीक्षेला सर्वांत जास्त वेळ राखून ठेवा, आणि लेसरच्या पाइपचं टोपण पक्कं चिकटवू नका, स्क्रूने बसवा. काच बदलताना आधी लेसरचा पुरवठा काढा, मगच टोपण उघडा. काचांविना किरण लेन्स नसलेल्या सेन्सरवर गेला तर उसना कॅमेरा कायमचा जाऊ शकतो, आणि डोळ्यात गेला तर त्याहून वाईट.